आत्तीचं रान

गूळ तयार झाला की नाही, हे माझ्या आत्तीला वासावरून कळायचं. रस काहिलीत चढला की आधी हिरवट, कच्चा वास येतो. चुन्याची निवळी आणि भेंडीचं चिकट पाणी पडलं की मळी फेसाबरोबर वर येते आणि वास उग्र होतो. मळी काढून झाली की रस पिवळा पडतो, बुडबुडे जाड होतात आणि सगळ्या मळ्यावर गोडी पसरते. शेवटी त्या गोडीत करपल्याची अगदी पुसट चाहूल लागते. तिथून पुढं दोन-तीन मिनिटांचाच अवकाश. गुळव्या गार पाण्यात थेंब टाकतो, त्याची कडक गोळी वळली की काहील उतरवायची. पुस्तकात हे तापमान ११८ अंशांच्या आसपास दिलेलं असतं. आत्ती त्या वेळी गोठ्यात धारेला बसलेली असायची, काहिलीकडं तिची पाठ असायची, आणि तिथूनच ती ओरडायची, "उतरा की आता! काळा करताय काय गूळ?"

गुळव्या जाणता माणूस होता. हंगामभर तालुक्यातली गुऱ्हाळं त्याच्या हातावर चालायची. पण आत्तीची हाक आली की तोही झाऱ्यातला थेंब पाण्यात सोडायचा, बोटांनी चाचपायचा आणि काही न बोलता गड्यांना खूण करायचा. हे मी लहानपणी स्वतः पाहिलंय. तेव्हा आत्ती सासरी नांदत होती, पण गुऱ्हाळाच्या हंगामात चार-आठ दिवस माहेरी यायचीच. आल्या आल्या लुगड्याचा काचा घट्ट करून कामाला लागायची. विसाव्याला आलेली माहेरवाशीण आमच्या घरानं तिच्यात कधी बघितलीच नाही.

आत्ती वैशाखात गेली. तेव्हापासून तिच्याबद्दल लिहायचं मनात आहे, आणि दर वेळी आधी तो वासच आठवतो.

तिचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या भोगावती नदीकाठचा. साल कुणी लिहून ठेवलं नव्हतं. "राजाराम महाराज मद्रासला वारले, त्याची बातमी गावात आली तवा तू पोटात हुतीस," असं तिची आई तिला सांगायची. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये गेले. म्हणजे आत्ती १९४१ ची. आधार कार्डावर मात्र कुणीतरी १ जानेवारी टाकून मोकळं झालं, आणि साल तीन वर्षांनी चुकवलं. तिला त्याचं काही नव्हतं. तिचं कॅलेंडर निराळंच होतं. संस्थान विलीन झालं ते १९४९ साल तिच्यासाठी धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, रांगायला लागले ते साल. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे, ११ डिसेंबर १९६७ ला, ती जात्यावर बसली होती आणि जात्याची वरची तळी आपोआप हलली, असं ती सांगायची. थोरला मुलगा भूकंपाच्या आधीचा, धाकटा नंतरचा. बहात्तरचा दुष्काळ म्हणजे घरात मिलो, रेशनवरचा परदेशी जोंधळा, आला तो. तारखा विचारल्या तर ती गोंधळायची, पण कुठल्या साली कुठल्या तुकड्यात काय होतं, हे विचारलं तर तिचं उत्तर चुकायचं नाही.

शाळा तिसरीपर्यंत. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याला तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती आणि गावात शाळा होती. पण घरात तान्हा भाऊ आला आणि त्याला सांभाळायला कुणीतरी हवं झालं. बाबांना कडेवर घेऊन ती शाळेच्या खिडकीशी उभी राहायची आणि आतले पाढे बाहेरून म्हणायची. अडीचकी तिला शेवटपर्यंत पाठ होती. उसाचं टन आणि दर यांचा गुणाकार ती तोंडी करायची, आणि कारखान्याचं बिल आलं की आधी तिच्या आकड्याशी ताडून बघायची आमच्याकडं पद्धतच पडून गेली.

शिकली ती रानात. आमचे आजोबा कडक, पण त्यांनी एक गोष्ट केली. पोरगी आहे म्हणून तिला कुठल्या कामाला लांब ठेवलं नाही. त्या काळी विहिरीवर मोट होती. बैल धावेवर मागं-पुढं करायला आत्ती असायची. पाटाचं पाणी कुठल्या सरीत किती वेळ धरायचं, बारं कधी मोडायचं, हे तिला दहाव्या-अकराव्या वर्षीच कळायला लागलं होतं. उसाची लावण करताना कांडीचा डोळा बगलेला ठेवायचा, वर-खाली करायचा नाही, हे तिनं मला शिकवलं तेव्हा मी सहावीत असेन. "वरचा डोळा लवकर उगवतोय, खालचा मागं ऱ्हातोय. मग एक सरीत एक ऊस थोरला न् एक बारका. बगलेला ठेवला की दोघं बरोबरीनं येत्यात." पुढं मी कृषी महाविद्यालयात शिकले, तिथं हेच वाक्य प्रमाण भाषेत ऐकलं.

आमच्या भागातली शेती पाण्यानं बांधलेली आहे, आणि त्या पाण्यामागं शाहू महाराज आहेत. राधानगरीचं धरण त्यांनी सुरू केलं, ते पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. मग भोगावतीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे, पाणी अडवायचं, आणि पुढच्या पावसाआधी ते काढून घ्यायचे. आत्तीच्या बालपणी जे रान विहिरीच्या मोटेवर जेमतेम भिजत होतं, तिथं ती लग्नाच्या वयात येईपर्यंत इंजिनाचं पाणी खेळायला लागलं. जोंधळा, भुईमूग आणि हरभरा मागं सरकले, ऊस पुढं आला. ही उलथापालथ तिनं दोन्ही बाजूंनी बघितली होती, त्यामुळं ती उसाचं कौतुकही करायची आणि त्याला बोलही लावायची. "ऊस पैसा देतोय, पर खायाला काय देतोय?" असं म्हणून तिनं सासरी बांधाकडेचा एक पट्टा कायम भाजीपाला, तूर आणि नाचणीसाठी राखला. त्या पट्ट्यात ऊस लावायची कुणाची छाती झाली नाही.

लग्न झालं ते पंचगंगेकाठी. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी ही पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि पुढं पंचगंगा होते. "माझ्या म्हायेरचं पाणी माझ्या मागनं सासरला येतंय," हे तिचं आवडतं बोलणं होतं. ते खरंही होतं. पण ते पाणी नेहमी गुण्यागोविंदानं आलं नाही.

पुराबद्दल तिच्याशी बोलायला लागलं की दोन तास जायचे. १९८९, २००५, २०१९, २०२१ हे चारही तिनं त्याच घरातून बघितले. पाऊस लागला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "राधानगरीची दारं उघडली काय?" त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी चढली की ते आपोआप उघडतात, माणसानं हात लावायला लागत नाही. आम्ही शहरात बसून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर बघायचो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ती दाराबाहेर येऊन गावंदरीच्या वडाचा पार बघायची. पाराच्या कुठल्या दगडाला पाणी लागलं की गोठा मोकळा करायचा, हे तिनं १९८९ सालीच मनाशी ठरवून टाकलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, कोल्हापूर चारी बाजूंनी तुटलं. त्या वेळी गावात अनेकांच्या दावणीला बांधलेली जनावरं गेली. आत्तीच्या गोठ्यातलं एकही गेलं नाही, कारण तिनं आदल्या दिवशीच दोन्ही म्हशी आणि रेडकू उंचावरच्या पाहुण्यांकडं हाकलत नेली होती. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. मुलगा म्हणत होता अजून वेळ आहे. ती म्हणाली, "तू माणसांचं बघ. मी म्हशी घेऊन जातो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी जातो, मी येतो. तिच्या तोंडी ते फार शोभायचं.

पाणी उतरल्यावर ती रानात गेली, तो दिवस मला विसरता येत नाही. मी आणि दादा, म्हणजे तिचा थोरला मुलगा, तिच्या मागं होतो. ऊस उभा होता, पण अख्खा चिखलानं माखलेला, आणि सगळीकडं कुजका वास. वरून पाहिलं तर पाती ओली, हिरवी दिसत होती. दादाला वाटलं, वाचला. आत्तीनं एक शेंडा वाकवला, कोयत्यानं पोंगा, म्हणजे शेंड्यातला कोवळा गाभा, चिरला आणि आत बोट घातलं. आत गाळ भरला होता, कोंब पिवळा होऊन लिबलिबीत झाला होता. ती काही बोलली नाही. पुढच्या सरीत गेली, दुसरा चिरला. मग तिसऱ्या सरीत. रानाच्या वरच्या अंगाला पोंगा पांढरा निघाला तेव्हा ती थांबली आणि तिथं बांधावर दगड ठेवला. "हितनं वर राखायचा. हितनं खाली पांगशा फुटतील, वजन भरायचं न्हाई. तोडून वैरणीला घाला न् रान मोकळं करा." पंचनाम्याला अधिकारी आले तेव्हा त्यांनीही जवळपास तीच रेघ धरली. नुकसानभरपाईच्या यादीत नाव लागलं ते दादाचं. ते बरोबरच होतं, रान त्याच्या नावावर होतं.

इथं मला जे सांगायचं आहे ते सांगते.

आत्तीचं नाव तिच्या आयुष्यात दोनदा सातबाऱ्यावर लागलं. पहिल्यांदा आमचे आजोबा वारले तेव्हा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मिळकतीत मुलगीही वारस असते, त्यामुळं वारसनोंदीत बाबा, काका आणि दोन्ही आत्त्या अशी चौघांची नावं आली. काही महिने ती तशी राहिली. मग दोघी बहिणींना गाडीनं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं, हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या, घरी येऊन दोघींना साडी-चोळी आणि ओटी झाली, पुरणपोळी झाली. कुणी जबरदस्ती केली नाही. ती गरजच नव्हती. पोरींनी बापाच्या रानात वाटा मागायचा नसतो, मागितला तर माहेर तुटतं, हे घरोघरी इतकं पक्कं होतं की कायदा त्याला कुठं हात लावणार! महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, केंद्रानं २००५ मध्ये दिला. कचेरीतली हक्कसोडपत्रं आजही तशीच होत असतात. रक्षाबंधनाला बहीण येत राहावी म्हणून बहिणीनंच जमीन सोडायची, हा व्यवहार मला आज मान्य होत नाही. ज्या रानातल्या उसावर माझं कॉलेज झालं, त्यात तिचाही वाटा होता.

तिला मी एकदा विचारलं होतं, सही करताना काय वाटलं. ती शेंगा फोडत होती. "वाटायचं काय? माझा बा त्या रानात हाय, त्येला राखंला तिथंच सोडलाय. मला जाता-येता आलं की झालं." थोड्या वेळानं तिनंच पुन्हा विषय काढला. "पर विहिरीकडंचा तुकडा माझ्या मनातनं कधी गेला न्हाई. त्येला मोटंचं पाणी मी पाजलंय."

दुसऱ्यांदा नाव लागलं ते मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हा. विधवा म्हणून, दोन्ही मुलांच्या जोडीनं. पुढं भावाभावांच्या वाटण्या झाल्या, कागद सोपा व्हावा म्हणून तिनं पुन्हा सही केली आणि तिचं नाव पुन्हा निघालं. दोन्ही वेळा नाव आलं ते कुणाच्या तरी मरणानं आणि गेलं ते तिच्या स्वतःच्या सहीनं. उभ्या साठ वर्षांत लावण, भांगलण, खतं, पाणी, तोडीला टोळी आली की वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या, खोडवा (तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेलं पीक) राखायचा की मोडायचा याचा निर्णय, हे सगळं तिचं. वैशाखात मृत्यूनोंदीचा अर्ज भरला, त्यात व्यवसायाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलं गेलं. मी ते खोडून 'शेती' लिहिलं.

तिच्या नावाचा एकच कागद तिच्याकडं कायम राहिला, तो म्हणजे दूध संस्थेचं पुस्तक. कोल्हापूर जिल्हा दूध संघ १९६३ मध्ये सुरू झाला, त्याचंच नाव पुढं गोकुळ म्हणून घराघरांत पोचलं. गावोगावी संस्था निघाल्या. म्हैस बाईच्या हाताखाली असते, धार ती काढते, तर पुस्तकही तिच्या नावाचं असावं, हा आग्रह आत्तीनं घरात धरला आणि मामांनी तो मानला. सकाळ-संध्याकाळ लिटर किती, फॅट किती, दर किती, हे ती स्वतः वाचून घ्यायची. तिसरीपर्यंतची शाळा तिनं तिथं पुरेपूर वापरली. फॅट एक पॉइंटनं जरी घसरलं तरी ती घरी येऊन वैरणीचा हिशेब काढायची, सरकी पेंड कमी पडली का, नुसतं वाडं चारलं का. दहा दिवसांनी बिल व्हायचं. कारखान्याचा पैसा वर्षातून कधीतरी यायचा आणि आल्या आल्या सोसायटीच्या कर्जात जायचा. दुधाचा पैसा मात्र तिच्या हातात यायचा, पदराच्या गाठीत राहायचा. माझी आत्तेबहीण त्यावर डी.एड. झाली. दिवाळीला दूध फरक, म्हणजे दराची उरलेली रक्कम, मिळाला की आम्हा सगळ्या भाचरांना कपडे यायचे, ते तिच्याकडून. मामांच्या नावानं ती कधी काही देत नसे. "ह्ये माझं हाय," असं स्पष्ट सांगून द्यायची, आणि ते सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

उन्हाळ्यात चटणीचं तिखट व्हायचं त्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. संकेश्वरी मिरची आणि ब्याडगी यांचं माप, धने, खोबरं, तीळ, लसूण, कांदा भाजून, सगळं डंकावर, म्हणजे तिखट कांडायच्या यंत्रावर, न्यायचं. डंकवाल्याच्या दारात ती डंकासमोर उभी राहायची, नाकातोंडाला पदर, आणि मध्येच चिमूट घेऊन जिभेवर ठेवायची. माझ्या वाटणीचा डबा दर वर्षी शहरात पोचायचा. यंदा वहिनीनं पाठवला. तिखट तसंच आहे, मीठ किंचित कमी.

शेवटची दोन वर्षं ती फारशी रानात जाऊ शकली नाही. गुडघे गेले होते. मग तिनं वहिनीला, थोरल्या सुनेला, आपले डोळे करून घेतलं. वहिनी शहरालगतच्या गावातली, माहेरी शेती नाही. आधी तिला म्हशीच्या अंगाला हात लावायची भीती वाटायची. आत्ती सोप्यात बसून तिला रानात पाठवायची आणि आल्यावर प्रश्न विचारायची. माती बोटाला चिकटली का सुटली? पान दुमडून पाहिलंस तर मोडलं का वाकलं? खालच्या अंगाच्या उसाची कांडी किती बोटं आली? पहिल्यांदा वहिनीला नुसतं "बरं हाय" एवढंच सांगता यायचं. आत्ती तिला परत पाठवायची. रागावून नाही, पण परत पाठवायचीच. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वहिनी न विचारता सांगायला लागली, आणि मग आत्तीनं प्रश्न थांबवले.

जाण्याआधी महिनाभर तिनं दादाला जवळ बसवून घेतलं आणि वहिनीचं नाव सातबाऱ्याला लावायला सांगितलं. तिला ही वाट माहीत होती. शेतकरी संघटनेच्या बायकांचं अधिवेशन १९८६ मध्ये चांदवडला झालं होतं, गावातल्या एक-दोघी तिकडं जाऊन आल्या होत्या आणि नवऱ्यानं जिवंतपणी बायकोचं नाव जमिनीला लावावं ही लक्ष्मीमुक्तीची गोष्ट पुढं त्यांच्याकडूनच तिच्या कानावर आली होती. १९९२ मध्ये सरकारनं त्यासाठी परिपत्रकही काढलं. नवऱ्यानं अर्ज केला की बायको सहहिस्सेदार होते. मामांपाशी तिनं हा विषय काढला होता की नाही, मला माहीत नाही. दादापाशी मात्र ती एवढंच म्हणाली, "तू हाईस तवर कर. तू गेल्यावर हुईल त्येला काय अर्थ न्हाई." दादा रडला. तिनं त्याला रडू दिलं आणि परत तेच सांगितलं.

तेराव्यानंतर आठवड्याभरात दादानं तलाठ्याकडं अर्ज दिला. फेरफार मंजूर झाला आणि श्रावणात वहिनीचं नाव लागलेला सातबारा हातात आला. मी गेले तेव्हा तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, दूध संस्थेच्या पुस्तकाखाली ठेवला होता. वहिनी मात्र रानात होती. नदीकडच्या तुकड्यात पुढच्या लावणीला कुठलं बेणं आणायचं, यावरून दोघांचं वाजलं होतं. दादाला उसाचा नेहमीचा ८६०३२ हा वाण हवा होता, त्याचा साखर-उतारा चांगला. वहिनीचं म्हणणं होतं की ते रान पाणी धरून ठेवतं, तिथं २६५ तग धरेल. दादा मला म्हणाला, "तू शिकल्यालीस, तू सांग तिला." मी तुकडा बघून आले. चिखल टाचेपर्यंत होता. मी वहिनीच्या बाजूनं बोलले, पण तोवर तिनं बेणं सांगूनही टाकलं होतं.